तिसाचे अठरा

माझ्या पीएचडीच्या गाईडने मला फसवलं. मी त्यांना नव्हे, त्यांनी मला. हे आधीच लिहून ठेवते, कारण आमच्या विभागात ही गोष्ट उलटी सांगतात.

मी सोलापुरात एका पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवते. त्याआधी कितीतरी वर्षं वडिलांच्या मागावरचे टॉवेल आणि चादरी एसटी स्टँडजवळ हातगाडीवर विकल्या आणि त्यावरच डिग्री केली. घरात तेलुगू, गाडीवर मराठी आणि दख्खनी. भाव मी तिन्ही भाषांत करते. चाळिशी ओलांडल्यावर पीएचडीला नाव घातलं. गाईड माझ्याहून सहा वर्षांनी लहान, करमाळ्याकडचे, शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या घरातले. तोंडावर सर म्हणायचं, मनात काय म्हणायचं ते माझं मी ठरवलं होतं.

कॉम्प्युटरच्या पीएचडीत प्रबंधाआधी पात्रता परीक्षा असते. लेखी सुटली की तोंडी. पहिल्या खेपेला तोंडीत मी आपटले. आमच्याकडे संधी दोनच. दुसऱ्यांदाही गेलं तर नोंदणी रद्द, आणि ज्या स्टाफरूममध्ये मी ‘डॉक्टर होऊनच दाखवते’ म्हणून टेबल आपटलं होतं, तिथेच रिटायर होईपर्यंत डबा खायचा.

तोंडीसाठी काय वाचायचं याची यादी आमच्या विभागात विद्यार्थी आणि गाईड मिळून ठरवतात, खाली दोघांच्या सह्या होतात. सरांनी तीस शोधनिबंध लिहून आणले. मी कागद परत सरकवला.

“दहा.”

“मॅडम, टॉवेल घेताय व्हय?”

“टॉवेल असते तर पाच म्हटलं असतं.”

सर हसले. चहा मागवला. म्हणाले, “काढा की. पण एकेक काढायचा, आणि का नको ते मला पटवून द्यायचं. नुसतं नको म्हणून चालणार न्हाय.”

मला वाटलं, हा माणूस भावात अगदीच कच्चा आहे.

मग दर शनिवारी आमचा सौदा बसू लागला. माल नाकारायचा तर खोट दाखवावी लागते, आणि खोट काढायची तर घडी मोडून, उजेडात धरून, उलटी बाजूही बघावी लागते. पहिल्याच निबंधाचं घ्या. प्रोसेसरला पुढे कोणती माहिती लागेल याचा अंदाज बांधून ती आधीच जवळ आणून ठेवायची, अशी त्याची युक्ती. तीनदा वाचला तेव्हा खोट सापडली. मी शनिवारी जोरात भांडले, सर दोन वेळा “तसं न्हाय हो” म्हणाले, शेवटी मान हलवून रेघ मारली. माझा आठवडा मजेत गेला.

असे बारा उडवले. बाकीच्या अठरांवरही मी तितकीच तुटून पडले होते; सरांपुढे टिकेल अशी खोट मिळाली नाही म्हणून ते राहिले. अठरावर सह्या झाल्या. मी विभागभर सांगत सुटले, तिसाचे अठरा केले म्हणून.

परीक्षेला बाहेरून एक बाई आल्या होत्या. चष्मा, बारीक आवाज. पहिलाच प्रश्न माहिती आधीच आणून ठेवण्याच्या त्या निबंधावर.

“हा यादीत नाही,” मी म्हटलं.

“माझ्याकडच्या यादीत आहे.” त्यांनी कागद दाखवला. तीसच्या तीस, एकही रेघ नाही. सर पंख्याकडे बघत होते.

माझं डोकं फिरलं. “तो मी काढलाय. का काढलाय, ऐकायचंय?”

“सांगा की,” बाई म्हणाल्या.

“यांनी एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवून तपासलंय. खऱ्या मशीनवर दहा एकदम चालतात. नको ते आणून रचलं की हवं ते बाहेर पडतं. माझ्या हातगाडीवर चादरी रचल्या की टॉवेलला जागा उरत नव्हती, हे मी शाळेत असल्यापासून बघितलंय!”

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग दुसरा काढलेला निबंध. मग तिसरा. मी एकेकाची सालं काढली. शेवटी त्यांनी विचारलं, “मग तुम्ही काय कराल?” आणि रागाच्या भरात मी जे बोलले, त्याचाच पुढे माझा प्रबंध झाला. बाई सरांना म्हणाल्या, “यांना पहिल्या वेळी नापास कुणी केलं?”

बाहेर आल्यावर मी सरांना जिन्यात गाठलं. “जुनी यादी गेली कशी?”

“चुकून गेली असेल की.”

“चुकून?”

“पास झालात न्हवं? पेढे कुटं हाईत?”

हे उत्तर नव्हे. करमाळ्याच्या बाजारात शेळ्यांचा सौदा टॉवेलखाली हात घालून, बोटं दाबून होतो. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. हा माणूस लहानपणापासून त्या टॉवेलखाली हात घालत आलाय, हे मला जिन्यात आठवलं. टॉवेल विकणाऱ्या बाईलाच टॉवेलखाली फसवलं!

प्रबंध आता छपाईला निघालाय. आभाराच्या पानावर पहिल्या ओळीची जागा मी मोकळी ठेवली आहे. सर, तीसच्या तीस माझ्याकडून वाचून घ्यायचे, हे तुम्ही पहिल्या चहालाच ठरवलं होतं का? हो की नाही, एका शब्दात सांगा. त्याशिवाय तिथे तुमचं नाव पडणार नाही.