पाठीला पटत न्हाई

लातूरच्या ट्यूशन एरियात बाहेरगावची जेवढी पोरं शिकायला होती, त्यातली निम्मी तरी जिलानीचाचांच्या रजईत झोपायची. चाचा स्वतः मात्र उघड्यावर. दोन हॉस्टेलांच्या मधे एक मोकळा प्लॉट होता. दिवसा तिथं ते कापूस पिंजायचे, गाद्या शिवायचे आणि सांजेला तिथंच बाज टाकायचे. वर पत्रा नाही की ताडपत्री नाही.

किल्लारीच्या भूकंपात त्यांचं दगडमातीचं घर बायको दिलशादवर आणि धाकट्या लेकीवर बसलं. अंगणात झोपले म्हणून चाचा वाचले, आजोळी निलंग्याला होती म्हणून थोरली हुमा वाचली. तेव्हापासून छपराखाली चाचा बसायचे, जेवायचे, हसायचेसुद्धा. पाठ टेकायची तर मात्र वर आभाळच लागायचं.

कापसाच्या धुळीनं छाती भरली, वरून दरसालची थंडी. दिवाळी झाली आणि डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "यंदाचा हिवाळा बाहेर काढलात तर उन्हाळा दिसायचा नाही. एक तर घरात झोपा, नाही तर थंडी नसलेल्या गावाला जा."

"आमच्या खोलीत झोपा अब्बा," हुमा म्हणाली. "दार सताड उघडं ठेवते."

"दाराची भीती न्हाई बेटा. वर स्लॅब हाय."

मग चाचांच्या बाजेवरच बैठक बसली. हुमाचा नवरा आसिफ ऑटो चालवायचा. सवाऱ्यांकडून ऐकलेली सगळी गावं त्याला पाठ.

"हैदराबादला खाला हाय की."

"खाला तिसऱ्या मजल्यावर राहते. अब्बांना काय पाण्याच्या टाकीवर निजवायचं?" हुमा म्हणाली.

"मग गोवा!"

"जा, जा. थंडीत तिथं बडे लोक येतात. भाड्यापायी तुमचा ऑटो तिथंच ठेवून यावा लागंल."

"मला बी इचारा की कुणीतरी," चाचा खोकत म्हणाले. "का सरळ पार्सलच करून राहिलात?"

शेवटी गाव सापडलं ते आसिफच्या ऑटोतच. क्लासमधले एक सर रत्नागिरीकडचे होते. म्हणाले, "आई एकटीच असते. घर समुद्राला लागून, मोठं अंगण. डिसेंबरातही आमच्याकडे पंखा लागतो. भाडं नको, घरातल्या जुन्या गाद्या तेवढ्या पिंजून द्या."

मोकळं अंगण, ऊब, आणि भाडं म्हणून हातचंच काम. हुमाला तर रडूच आलं. दोघं बापलेक एसटीनं निघाले. पिंजायची कमान बरोबर घेतली, रजई घरीच ठेवली.

दुपारी पोचले. चाचांनी आधी मफलर काढला, मग स्वेटर, मग वरची दोन बटणं सोडली. त्यांनी खोल श्वास घेतला. खोकला आला नाही. परत घेतला. तरी नाही.

"हुमा, इथं रजईचं दुकान टाकलं तर उपाशी मरीन मी!"

घरमालकीणबाई हसल्या. "चटई माडाखाली नको हो चाचा, नारळ पडतो डोक्यावर."

चाचांनी चटई ओढून अंगणाच्या मधोमध आणली. झोपण्याआधी ते नेहमी भुईला तळहात लावायचे, तसा लावला, आणि आडवे झाले. हुमा पायरीवर बसून बघत होती. बापाचे डोळे मिटले.

ऊन कलायला आलं तेव्हा ते ताडकन उठले.

"भायेर! भायेर या आधी!" हुमाला दंडाला धरून ओढलं, स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बाईंना हाका घातल्या. त्या हातात झारा घेऊनच धावत आल्या.

"काय झालं? साप?"

"भुई बोलून राहिली!"

बाईंनी कान दिला आणि त्यांना हसू फुटलं. "अहो, भरती ती! दगडांवर पाणी आपटतं, अंगणापर्यंत धडधडतं. रोजचंच आहे."

चाचांच्या तोंडावरचा रंगच गेला. ते अंगणातच खाली बसले.

"आम्ही बी असंच म्हणायचो," ते म्हणाले. "रोजचंच हाय."

भूकंपाच्या आधी वर्षभर किल्लारीची जमीन आतून गुरगुरायची. पहिल्यांदा माणसं घराबाहेर पळाली. पुढं पुढं सवय झाली. चुलीवरची भाकरीसुद्धा कुणी सोडून उठेना.

हुमानं बापाला हात धरून किनाऱ्यावर नेलं. लाट आली, दगडावर फुटली, तोच आवाज झाला. परत आली, परत फुटली. चाचा लहान लेकरासारखे उकिडवे बसून बघत राहिले.

"बघितलं न्हवं? पाणीच हाय. पटलं का?"

"डोळ्याला पटलं गं," चाचा म्हणाले. "पाठीला पटत न्हाई."

आठवडा गेला. चाचा रात्रभर विहिरीच्या कठड्याला टेकून जागेच बसून राहायचे. घरातल्या साऱ्या गाद्या पिंजून झाल्या, शेजारच्याही झाल्या. खोकला पार गेला होता, पण जागरणानं डोळे सुजले. हुमानं चटई घरामागं टाकून पाहिली, शेजारच्या बागेत टाकून पाहिली. चाचा तळहात लावायचे आणि नुसती मान हलवायचे.

"अब्बा, लातूरला परत गेलात तर... डॉक्टर काय म्हणाले ठावं हाय न्हवं?"

"ठावं हाय. पण तिकडं आडवं तरी होता येतं."

दुसरं गाव शोधायचं तर कुठलं? ऊब होती तिथं एक तर स्लॅब होती, नाही तर भाडं होतं. इथं दोन्ही नव्हतं, तर समुद्र होता. हुमानं पिशवी भरली.

एसटी घाट चढायला लागली तशी खिडकीतून थंडी आत आली. हुमानं काच ओढली.

"राहू दे," चाचा म्हणाले.

"छातीला लागंल अब्बा!"

"राहू दे गं. आता बरं वाटून राहिलं."

समुद्राचा आवाज केव्हाच मागं पडला होता. चाचांची मान कलंडली, डोकं तिच्या खांद्यावर आलं. बसल्या जागीच ते गाढ झोपले. झोपेतच त्यांना पहिली ढास लागली, मग दुसरी.

हुमाचा हात काचेवरच होता. काच लावावी तर खडखडाटानं चाचा जागे होतील. तिनं आपला पदर ओढून त्यांच्या छातीवर धरला, आणि लातूर येईपर्यंत तसाच धरून ठेवला.