राळ कोणी पुसायची?

"तो कोपरा राहिला गं. तू हात फिरवलास की कसं लख्ख होतं. तुमच्यात हे रक्तातच असतं, नाही का?"

मेधाकाकू बुटाच्या टोकानं कोपरा दाखवत होत्या. आवाज मऊ, चेहऱ्यावर हसू. मी गुडघ्यांवर. एका हातात तेलाचा फडका, दुसऱ्या हातात खरवडायला प्लास्टिकची पट्टी. मी सिंगापूरच्या महिला हँडबॉल संघाची गोलकीपर. काकू आमच्या मॅनेजर. प्रॅक्टिस संपली होती आणि सगळी टीम बॅगा भरत उभी होती. काकू बोलल्या ते मराठीत. मराठी कळणाऱ्या तिथं आम्ही तिघीच. मी, काकू, आणि त्यांची मुलगी ऋचा. ती आमच्याच टीममध्ये विंगला खेळायची. तिनं बुटाची लेस सोडायला मान खाली घातली ती घातलीच.

आमची कॅप्टन हुई मिन. तिला वाटलं, दोघी आपल्या भाषेत काहीतरी प्रेमाचं बोलताहेत. तिनं मला विचारलं, काकू काय म्हणाल्या?

मी म्हटलं, "शी से थँक यू, ला."

पोरींनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी. मी फरशी छान पुसते म्हणून.

सहा मीटरवरून मारलेला चेंडू मी तोंडावर घेतलाय. ओठ फाटलाय, दात हललाय. त्या टाळ्यांइतकं काही लागलं नाही. अपमान त्या बाईनं केला. आणि त्याचं 'थँक यू' मी केलं. माझ्या स्वतःच्या तोंडानं.

हँडबॉल म्हणजे काय हे इथं कुणाला धड ठाऊक नसतं. बेडोकला आमच्या घराजवळच्या हॉकर सेंटरमधली, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारातली, कॉफीवाली आंटी मला अजून विचारते, बास्केटबॉल कसं चाललंय. मराठी मंडळींचं तर विचारूच नका. एका काकांनी विचारलं होतं, व्हॉलीबॉलचा चुलतभाऊ का गं? देश छोटा, खेळ त्याहून छोटा. आम्ही सगळ्या नोकरी नाहीतर कॉलेज सांभाळून खेळतो. मी नोव्हेनाला एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर म्हाताऱ्यांचे गुडघे वाकवायचे आणि संध्याकाळी स्वतःचे फोडून घ्यायचे. छातीवर देशाचा झेंडा असतो, पण हॉल भाड्याचा. आमच्यामागून लगेच बॅडमिंटनवाले येतात.

आता राळेचं सांगते. ह्या खेळात बोटांना चिकट राळ लावतात, चेंडू एका हातात पकडता यावा म्हणून. ती चेंडूवरून फरशीवर उतरते, बुटाखाली जाते, काळे डाग पडतात. बॅडमिंटनवाले बोंब मारतात. डाग राहिले तर हॉल मिळणार नाही, अशी हॉलवाल्यांची तंबीच होती. म्हणून प्रॅक्टिस झाली की दोघीदोघींनी पाळीनं पुसायचं. माझी पाळी आली की मीही पुसायचे. त्यात काय एवढं? टीमचं काम.

पण एक गोष्ट सांगून ठेवते. गोलकीपर राळ लावत नाही. आम्हाला चेंडू पकडून ठेवायचा नसतो, अडवायचा असतो. त्या फरशीवरच्या डागांत माझा एकही डाग नसायचा.

काकू मॅनेजर म्हणून आल्या तेव्हा पहिल्याच दिवशी मला शोधत आल्या होत्या. अगं, आपली मराठी मुलगी! राहायला बुकित तिमाहला, मोठ्या कॉन्डोत. बँकेतली नोकरी सोडलेली, वेळ भरपूर. हौसेनं टीमचं सगळं बघायच्या, गोड बोलायच्या. मला प्रत्येक प्रॅक्टिसला डबा. थालीपीठ काय, साबुदाण्याची खिचडी काय. ऋचाला केलं तसंच तुलाही केलं, म्हणायच्या. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. एकदा गाव विचारलं. मी म्हटलं, पुणे. पुण्यात कुठं? मी मोघम काहीतरी सांगितलं. मग आडनाव. मी बाबांचं नाव सांगितलं. इथले तमिळ लोक बापाचंच नाव लावतात, त्यात आमचंही खपून जातं.

ही बाबांची शिकवण. आम्ही सिंगापूरला आलो तेव्हा मी चौथीत होते. इथल्या कागदांवर आमचं आडनाव नाही. गाळलं ते बाबांनी. बाबा एका शिपिंग कंपनीत अकाउंटंट. मला समोर बसवून म्हणाले होते, चिनी माणसाला आपलं आडनाव कळत नाही, मलय माणसाला कळत नाही. मराठी माणसाला मात्र त्यातून सगळं कळतं. त्याला सांगायचं नाही. समुद्र ओलांडून आलो ते कशासाठी?

मग माझा घोटा मुरगळला. काकूंनी मला गाडीत घातलं, बेडोकला आणलं, खांद्याला धरून पार दारापर्यंत आल्या. इतकी मायेची बाई. आईनं दार उघडलं, आत या म्हणाली. समोरच्या भिंतीवर फोटो. निळा कोट, डोळ्यांवर चष्मा. शेजारी बुद्ध. आमच्याकडे देवघर नाही, जे आहे ते त्या भिंतीवर आहे. मराठी माणसाला आमची जात कळायला तेवढी भिंत पुरते.

काकूंची नजर भिंतीवर गेली आणि तिथून माझ्यावर आली. माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात निघाला. आई चहा घेऊन आली तरी त्या उभ्याच. म्हणाल्या, "नको हो, आज उपास आहे माझा."

उपासाला चहा चालतो. माझ्या आईलाही हे माहीत आहे. लिफ्टचं दार बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत ती कप हातात धरून उभी राहिली. मग तिनं तो सिंकमध्ये ओतला आणि कप विसळून ठेवला.

डबा बंद झाला. तो गेला चुलीत. पण घोट्याला पट्टी बांधून मी परत गेले तर पाळीची पद्धतच मोडलेली. काकूंनी कोचला सांगून टाकलं होतं की हिला सध्या पळायला नको, तर पुसायचं काम ही एकटी करेल, स्वतःच म्हणाली. मी म्हटलेलं नव्हतं. पाय दुखतोय म्हणून पळायचं नाही, आणि गुडघ्यांवर बसून फरशी खरवडायची. वा रे न्याय. घोटा बरा झाला. पाळी काही परत आली नाही. प्रॅक्टिस संपली की बादली माझ्या बॅगेशेजारी येऊन बसायची. बाकीच्या पोरींना काय, बरंच झालं. कोणाला हौस असते?

इंग्रजीत बोलताना मी त्यांची 'अवर स्टार कीपर' असायचे. मराठीत आल्या की 'तुम्ही लोक'. तुम्हा लोकांना सवय असते. तुमच्यात कमीपणा वाटत नाही, हे किती चांगलं. सगळं हसून, मऊ आवाजात, आणि सगळ्यांदेखत.

मी गप्प का बसले? बाहेरच्या देशात मोठी स्पर्धा होती. दोनच कीपर जाणार होत्या आणि आम्ही तिघी. कोच माणूस वाईट नव्हता, पण कोणाचं वागणं कसं आहे ते मॅनेजरला विचारायचा. लहानपणापासून मला एकच हवं होतं, मोठ्या स्पर्धेत त्या गोलमध्ये उभं राहायचं. हे एक कारण. दुसरं कारण काकूंना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांचं बोलणं कोणाला सांगायचं तर आधी मला माझी जात सांगावी लागणार. बाबांनी इतकी वर्षं झाकलेलं सगळं उघडं करावं लागणार. ही पोरगी तसं करणार नाही, लाजेल, मूग गिळून बसेल. एवढ्या भरवशावर ती बाई इतकी निर्धास्त होती. आणि मी तो भरवसा रोज खरा करत होते.

टाळ्या वाजल्या त्या दिवशी मी घरी जेवताना सगळं सांगितलं. बाबांनी मान वर केली नाही. म्हणाले, पुसून टाक. थोडा वेळ जातो, बाकी काय? टीममधली जागा महत्त्वाची.

माझी आजी, बाबांची आई, पुण्यात म्युनिसिपालिटीत झाडूवाली होती. रस्ते झाडून तिनं बाबांना बी.कॉम. केलं. आमच्या घरात हे कोणी उच्चारत नाही. त्या दिवशी आईनं उच्चारलं.

"तुझ्या आजीला त्या कामाचा पगार तरी मिळायचा."

बाबा ताटावरून उठले. मी बसून राहिले, भात चिवडत. आजी पोटासाठी झाडायची, पण मुकादमानं एकदा शिवी दिली तर सगळ्या बायकांना घेऊन ऑफिसच्या दारात जाऊन बसली होती. त्यानं माफी मागितल्यावरच उठली. हे मला लहानपणी तिनंच सांगितलं होतं, हसत हसत. आणि मी? डिग्री घेतलेली, छातीवर झेंडा लावणारी. फुकट पुसत होते आणि वर आभार मानत होते. इतकी वर्षं मला आजीच्या झाडूची लाज वाटायला शिकवलं होतं. लाज वाटायला हवी होती ती माझ्या त्या 'थँक यू'ची. त्या रात्री मला स्वतःचा राग आला, पण त्याहून जास्त त्या मऊ आवाजाचा आला.

स्पर्धेआधी जर्सी देण्याचा कार्यक्रम होता. संघ जाहीर झालेला, माझं नाव त्यात होतं. सगळ्यांचे पालक आलेले, खुर्च्या मांडलेल्या, केक आणलेला. माझे आईबाबा आले नव्हते, बाबा अशा ठिकाणी येत नाहीत. आधी पालकांना दाखवायला आम्ही आपसांत एक मॅच खेळलो. मी जीव तोडून खेळले. ऋचाचे तर सगळे शॉट अडवले, हे मुद्दाम सांगते.

मॅच संपली आणि काकू बादली घेऊन थेट माझ्याकडे आल्या. खुर्च्यांवरचे पालक बघताहेत. त्याच मऊ आवाजात म्हणाल्या, "आवर गं पटकन. लोकांसमोर लाजायचं काय त्यात? घरचंच काम तुमचं."

हुई मिन शेजारीच पाणी पीत होती. तिनं हसत विचारलं, आता काय म्हणाल्या?

मी बादली हातात घेतली नाही. इंग्रजीत सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, एकेक शब्द.

"ही म्हणते, लोकांसमोर लाजू नकोस, हे तुमच्या घरचंच काम आहे. माझी आजी पुण्यात रस्ते झाडायची. आमच्या जातीनं घाण काढायची असं हिच्या जातीनं ठरवलेलं आहे. माझी जात हिला कळली तेव्हापासून ही फरशी मी एकटी पुसते. मी स्वतःहून मागितलं नव्हतं. आणि त्या दिवशी ही थँक यू म्हणाली नव्हती. म्हणाली होती, तुमच्यात हे रक्तातच असतं."

काकूंचा चेहरा लाल झाला. पण बाई हुशार. लगेच इंग्रजीत सुरू झाल्या, की गैरसमज झाला, आमच्या भाषेत अशी थट्टा चालते, ही पोरगी मला मुलीसारखी आहे. मी ऋचाकडे वळले. तिला मराठीत विचारलं, "तू सांग. मी काही चुकीचं सांगितलं?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. तिला सगळं कळत होतं, पहिल्या दिवसापासून. ती आईकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "ममा, लेट्स गो."

बस, एवढंच. आणि हुई मिन, जिला मी मैत्रीण समजत होते, ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बट यू टोल्ड अस शी से थँक यू." तिच्या आवाजात राग होता आणि तो माझ्यावर होता. जणू फसवणूक झाली ती तिची. कोच मध्ये पडला. म्हणाला, इंडियाच्या भानगडी इथे नकोत, आज आनंदाचा दिवस आहे.

मी बादली उचलली. सगळ्यांना वाटलं, पुसणार. मी ती कोर्टाच्या मधोमध नेऊन ठेवली, फडका तिच्या कडेवर वाळत घालावा तसा घातला, बॅग उचलली आणि बाहेर पडले. डाग तसेच होते. पुढे ते कोणी पुसले मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

दोन दिवसांनी कोचचा फोन आला. टीममधलं वातावरण सांभाळायला हवं, म्हणाला. स्पर्धेला माझ्या जागी तिसरी कीपर गेली. काकूही गेल्या, मॅनेजर म्हणून. मी मोबाइलवर मॅचेस बघितल्या. आम्ही हरलो, वाईट हरलो. मला आनंद झाला नाही. ती जागा माझी होती आणि त्या जागेवरून आत गेलेला प्रत्येक चेंडू मला लागत होता. मी रडले. हेही लिहून ठेवते, नाहीतर कोणी म्हणेल हिला काय, ताठ्यात होती.

बाबा माझ्याशी बोलत नव्हते. एका संध्याकाळी ते बाल्कनीत उभे होते. मी जाऊन सांगितलं, पुढच्या निवडीच्या वेळी जर्सीवर मी आडनाव लावणार आहे. तुमचं नाव नको, आजीचं आडनाव. बाबा खालच्या पार्किंगकडे बघत राहिले. हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. मी परवानगी मागितलीच नव्हती.

टीम परत आली. मी प्रॅक्टिसला जाते. पहिल्या दिवशी बादली माझ्या बॅगेशेजारी आली, मी ती उचलून काकूंच्या खुर्चीजवळ नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशीही तेच. आता ती दाराजवळ असते. पोरी माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. ऋचा बोलतच नाही. काकू मराठी विसरल्यात, माझ्याशी फक्त इंग्रजी. सगळ्यांची पाळी लागेल त्या दिवशी माझी पाळी मी घेईन. तोवर माझी राळ त्या फरशीवर नाही आणि माझा हात त्या फडक्याला लागणार नाही. हॉल गेला तर जाऊ दे.

मला काढतील कदाचित. काढू देत, तोंडावर सांगून काढू देत. मी सोडणार नाही. पुढची निवड जवळ आलीय. तुम्ही मराठी असाल तर इथवर वाचताना तुमच्याही मनात आलं असेल, हिचं आडनाव काय. इथे लिहीत नाही. हॉलवर या. पाठीवर मोठ्या अक्षरांत असेल. वाचा, आणि मग समोर येऊन चेंडू मारा.