सहाव्या दिवशीचा कागद

अंगणवाडीत माझी सव्वीस वर्षं गेली. कुरुंद्यात कुणाची बाळंतीण घरी आली की दुसऱ्या दिवशी मी वजनकाटा घेऊन तिच्या दारात. बाळाला पहिलं दूध पाजू न देणाऱ्या सासवांशी मी इतकी भांडले आहे, की काही घरांत मी दिसले की म्हाताऱ्या उठून मागच्या दारानं जातात. सटवाईनं नशीब लिहिलंय म्हणणाऱ्या बायांना तर मी तोंडावर सांगायची, लसीचं कार्ड मी लिहिते, तुमची सटवाई न्हाई.

आणि माझ्या पोटच्या लेकीची वेळ आली तेव्हा तिला फोनवर मीच बजावलं, सहाव्या दिवशी बाळाजवळ कोरा कागद आन् पेन ठेव. दाराची कडी लावू नको, न्हाईतर सटवाई दारातून परत जाते. आमच्या घरात तसंच करत आलेत. माणूस दुसऱ्याला शहाणपण शिकवतं, स्वतःवर आलं की आजीचंच ऐकतं.

लेक कॅनडात. जावई गोदामात पाळीवर जायचे. बाळंतपणासाठी मी जाणार होते, वसमतला जाऊन फोटो काढले, कागद भरले, आणि व्हिसा नाकारला. कारण इंग्रजीत होतं. मी त्या साहेबाला मराठीत जे बोलायचं ते अंगणात उभं राहून बोलले. भरल्या थंडीत, दारात कमरेएवढा बर्फ, आणि माझं लेकरू एकटं बाळंतीण.

तिकडं परदेशातून आलेल्या माणसांसाठी एक केंद्र असतं. तिथल्या बाया घरी येतात, भाषा शिकवतात, दवाखान्यात सोबत जातात. दवाखान्यानं लेकीला तिथला पत्ता, नंबर दिला होता. तिनं फोनच केला नाही. म्हणाली, परक्या बाईला काय सांगू मी?

तिसऱ्या दिवसापासून ती बदलली. बाळाला आपलं म्हणेना. ‘ते रडून राहिलं’ एवढंच म्हणायची, आणि मान वळवायची सुद्धा नाही. फोनच्या पडद्यावर डोळे उघडे दिसायचे, पण त्यात कुणी नाही. जावई म्हणाले, मामी, थकली ती, दुसरं काही न्हाई. पण मला ते डोळे ठाऊक होते. माझ्या माहेराकडं एक बाळंतीण अशीच गप्प झाली होती. नवव्या दिवशी ती विहिरीत सापडली. मी हे कुणाला बोलले नाही. फक्त दर दोन तासाला फोन लावत राहिले.

सहावा दिवस. आमच्याकडं दुसऱ्या दिवसाचे सकाळचे सात, तिकडं अजून सहाव्याचीच संध्याकाळ. अंगणात हळद शिजत होती, वाफेनं समोरचं लिंबाचं झाड दिसत नव्हतं. पूजा मला दिसावी म्हणून लेकीनं फोन फळीवर उभा केला होता. पाळणा, शेजारी स्टुलावर हळदकुंकू, कागद, पेन. मागं पलंगाची कड. तिनं मुकाट्यानं हात जोडले. तेवढ्यात मालकांनी हळद बघायला हाक मारली म्हणून मी फोन चालूच ठेवून उठले.

परत आले तर बाळ रडत होतं आणि लेक पलंगावर आडवी पडलेली. पायात बूट. काळे, घोट्याच्या वरपर्यंतचे. माझं डोकंच फिरलं. बाळंतीण बाई, बूट घालून अंथरुणात? दोनदा हाक मारली. ती हलली नाही.

मग डावीकडून एक हात आला.

म्हातारा, पांढराफटक हात. एकही बांगडी नाही. बाळाच्या छातीवर तो टेकला आणि बाळ रडायचं थांबलं. घरात तिसरं माणूस नव्हतं, जावई कामावर. हातानं स्टुलावरचा पेन उचलला आणि कागदावर लिहायला लागला. हळू, थांबत थांबत. पेनाचा आवाज मला इथं कुरुंद्यात ऐकू येत होता.

मी ओरडायला पाहिजे होतं. त्याऐवजी मी डोक्यावर पदर घेतला.

“बाई,” मी म्हणाले, “चांगलं लिही.”

हात थबकला. मग पुन्हा लिहू लागला. आणि फोन बंद पडला.

अर्धा तास मी फोन लावत होते. हळद जास्त शिजली, मालक ओरडले, मला काही कळत नव्हतं. मग लेकीचाच फोन आला. ती रडत होती, बाळंतपणानंतर पहिल्यांदा. शेजारी पांढऱ्या केसांची एक गोरी बाई बाळ मांडीवर घेऊन बसलेली. त्या केंद्रातली. दवाखान्यानं नाव कळवलं होतं म्हणून ती चौकशीला आली, तर दार उघडं आणि बाळ रडतंय. कागदावर तिनं केंद्राचा पत्ता लिहिला होता, आयांची बैठक कोणत्या वारी, हिंदी बोलणारी बाई कधी असते, आणि कधीही लावता येईल असा फोन नंबर.

लेक त्या बैठकीला जाऊ लागली. महिन्याभरात ती बाळाला ‘माझं पिल्लू’ म्हणाली आणि मी इकडं गावजेवण घालायचं तेवढं बाकी ठेवलं. सटवाईनं इंग्रजीत लिहिलं, ही गोष्ट मी वर्षभर सगळ्यांना हसून हसून सांगितली.

यंदा ती नात घेऊन आली. ओट्यावर शेजारणी जमल्या होत्या, मी पुन्हा तीच गोष्ट रंगवून सांगितली, बुटांसकट. बाया हसल्या आणि गेल्या. लेक काही हसली नाही.

मी म्हणाले, माझं ऐकून कडी काढलीस, म्हणून ती बाई आत येऊ शकली.

“कडी मी लावलेलीच होती, आई,” ती म्हणाली. “तू फोनवरून उठलीस, तवा बूट घातले आन् दार उघडलं. मी निघाले होते.”

“कुठं?”

“बाहेर बर्फ होता. त्याच्या पुढं काही ठरवलं नव्हतं. पिल्लू रडलं, पाय उंबऱ्याबाहेर पडंना, म्हणून जरा टेकले.”

नात अंगणात कोंबडीमागं पळत होती.

ती गोष्ट आता मी सांगत नाही. बाळंतिणीच्या घरी गेले की वजनकाटा बाजूला ठेवते, आधी तिच्या पायांकडं बघते.