उपाशी शिक्रा

आमच्या घराण्याची एक फुशारकी आहे. खापरपणजोबा म्हणे नागपूरच्या दरबारात शिकारीचे बाज सांभाळायचे. पुरावा काय, तर वाळून कडक झालेला एक चामडी हातमोजा. मी पडलो इतिहासाचा मास्तर, त्यामुळे ही फुशारकी जास्त करून माझ्याच तोंडी असते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या नऊ वर्षांच्या पुतणीला अधारतालच्या आमच्या घरामागे पंख दुखावलेला शिक्रा, म्हणजे बाजाच्या जातीचा छोटा शिकारी पक्षी, सापडला. वनखात्याच्या माणसानं पट्टी कशी बांधायची ते तिला दाखवलं आणि पंधरा दिवसांनी सोडायला नेतो म्हणाला. पोरगी रोज पट्टी बदलायची, खिमा भरवायची. शिक्रा आता पंख पसरू लागला होता.

मला वाटलं, नेण्याआधी गल्लीतल्या पोरांना जुन्या काळची बाजदारी दाखवावी. भुकेला पक्षीच हातावर येतो, ही घरातली ऐकीव विद्या. पुतणीला म्हटलं, "तुझी परीक्षा आहे, दोन दिवस खिमा मी देतो." ती लगेच हो म्हणाली. मी खिमा मांजरीला घातला.

रविवारी गच्चीवर पोरं जमली; पुतणी खाली अभ्यास करत होती. शिक्र्याच्या पायाला चामड्याची वादी बांधून मी त्याला हातमोज्यावर घेतलं आणि दरबाराचं वर्णन सुरू केलं. तेवढ्यात समोरच्या कठड्यावर कबूतर उतरलं. भुकेलेला शिक्रा झेपावला, वादीचा हिसका बसला आणि तो उलटा लटकून फडफडत राहिला. मला गाठ सुटेना. बरा होत आलेला पंख कठड्यावर आपटत होता.

सोमवारी वनखात्याचा माणूस आला. पंख चाचपून म्हणाला, "अब ये नहीं उड़ेगा. खाना ठीक से दे रहे थे न?"

"हाँ भैया," पुतणी म्हणाली, "काका खुद खिलाते थे."

मी मान डोलावली.

तो शिक्र्याला खोक्यात घालून घेऊन गेल्यावर ती जिन्यात बसून राहिली. तिथूनच म्हणाली, "काका, मीच पट्टी चुकीची बांधली असन. काहून नाही जमलं मला?"

खरं सांगायची अशी संधी पुन्हा मिळाली नसती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे बेटा. लहान आहेस, होते चूक."