‘मले’ की ‘मला’

“थोडा अजून ढ वाटू द्या, मॅडम,” मुंबईहून हेडफोनमध्ये आवाज आला.

बूथच्या काचेपलीकडे पायल घामानं निथळत उभी होती. मे महिन्यातला भंडारा. रेकॉर्डिंग चालू असलं की कूलर बंद ठेवावा लागतो, नाहीतर त्याची घरघर आवाजात येते. मी बटण दाबून म्हटलं, “पायल, बेटा, अजून एकदा.”

ती बोलली, “गुरुजी, मले सारं येते. लिवाले बसलं का पळून जाते!”

मुंबईत सगळे खो खो हसले. टेक ओके झाला.

माझं काम आधी सांगते. बरीच वर्षं झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत कामं केली. आता भंडाऱ्यातल्या एका छोट्या स्टुडिओत मी व्हॉइस डायरेक्टर आहे, म्हणजे माइकसमोरच्या माणसाकडून हवं तसं बोलून घेणारी. एरवी आमच्याकडे दुकानांच्या जाहिराती, नाहीतर निवडणुकीचा भोंगा. त्यात ही कार्टून मालिका आली. शाळेतली, विनोदी. तिच्यातला ठोंब्या नावाचा पोरगा आमच्याकडची बोली बोलतो. का? तर म्हणे त्यानं हसू येतं. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं, पण काम ते काम. या भागात ठोंब्या पाचवीत नापास होतो, पुन्हा त्याच वर्गात बसायची पाळी येते, आणि शेवटी फेरपरीक्षेत काठावर सुटतो.

मुंबईच्या डायरेक्टर साहेबांना खरा, गावचा आवाज पाहिजे होता. तो मला लाखनीला हायवेवर मिळाला. पायलच्या आईचा तिथं पोह्यांचा ठेला आहे. मी पोहे खात होते आणि ही पोट्टी ट्रकवाल्यावर ओरडली, “ओ काका, मांगचा टायर बसून राहिला ना तुमचा!” रस्त्यापलीकडचा माणूस दचकला. मी तिथल्या तिथं आईला विचारलं.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंगच्या मधल्या सुट्टीत पायल कूलरसमोर केस वाळवत बसली होती. मी सहज म्हटलं, “ठोंब्या पास होते बरं शेवटी.”

“त्याचं बरं हाय,” ती म्हणाली. “मी तं मराठीत गेली.”

मला वाटलं, गंमत करते. आई दाराशी बसली होती. ती म्हणाली, “खरंच गेली मॅडम. गुरुजी म्हणते, हे लिवते ते मराठीच नाही. ‘मले’, ‘तुले’, सारं लाल करून ठेवलं. आता फेरपरीक्षा हाय. त्यातही गेली तं पुन्हा पाचवी. अन् हिचा बाप म्हणून राहिला, पुन्हा तोच वर्ग असन तं शाळा बंद, ठेल्यावर बसव.”

बूथच्या आत ‘मले’ म्हटलं की शाबासकी आणि शाळेत लिहिलं की नापास. एकाच पोरीला, एकाच शब्दासाठी!

मग मीच मागे लागले. रेकॉर्डिंग संपल्यावर तिला बसवायची. मले नाही, मला. काहून नाही, का. जाऊन राहिलो नाही, जात आहे. आधी ती लाजायची. “मॅडम, असं बोललं तं घरचे हासतीन मले.”

“मला.”

“हो, मला!”

पण शिकली. रेकॉर्डिंगचे दिवस संपले तरी आईच्या मागे लागून एसटीनं यायची. मलाच वाटायला लागलं, ही आरामात सुटते.

आमच्या कामात पिकअप म्हणून एक प्रकार असतो. चित्र पूर्ण झालं की दोनचार वाक्यं जुळत नाहीत, तेवढीच पुन्हा म्हणून घ्यायची. मुंबईहून पिकअपचा निरोप आला, तो नेमका फेरपरीक्षेच्या आदल्या दिवसाचा.

“सर, परवा घेऊ ना. उद्या पोरीची परीक्षा आहे.”

“मॅडम, एपिसोड आजच लॉक होतोय. दोन वाक्यांचा तर प्रश्न आहे.”

मी भांडले. साहेब ऐकेनात. शेवटी आईच म्हणाली, “करून घ्या, मॅडम. आमी शब्द देल्ला ना त्याईले.”

पायल माइकसमोर उभी राहिली आणि स्वच्छ बोलली, “गुरुजी, मला सगळं येतं. लिहायला बसलं की पळून जातं.”

मी काचेतून तिला अंगठा दाखवणार, तेवढ्यात हेडफोन कडाडला.

“हे काय? ही तर पुण्याची वाटते! चूक आहे हे. ‘मले’ पाहिजे.”

“सर, ती घासून घासून शिकलीय ते.”

“छान केलं. पण आपला ठोंब्या तसं बोलत नाही ना.”

मग ‘मले’. पुन्हा ‘मले’. कधी पडद्यावर ठोंब्याचं तोंड मिटायचं आणि हिचा शब्द उरायचा, कधी उलटं. दर वेळी मुंबईहून एकच, “अजून थोडं गावठी.” पोरगी रडकुंडीला आली तेव्हा कुठं टेक ओके झाला.

चपला घालताना तिनं विचारलं, “मॅडम, उद्या कोनतं लिवू?”

“मला लिहायचं. मला!”

“पन ते मोठे साहेब तं म्हणत होते, ‘मला’ चूक हाय.”

“ते कार्टूनचं, बेटा. परीक्षेत मला.”

ती मान हलवून गेली. मान हलवणं आणि समजणं, यात किती अंतर असतं!

निकालानंतर मी लाखनीला गेले. “निबंध कोराच सोडला मॅडम हिनं,” आई म्हणाली. पायल बश्या विसळत होती. मी विचारलं तर खालीच बघत म्हणाली, “दोनी आठवून राहिलं होतं. बरोबर कोनतं ते समजेच नाही. मंग कायलेच लिवू?”

शाळेच्या वेळेला ती ठेल्यावर होती. नाव पाचवीत आहे, पोरगी नाही. मी बापाला भेटले, हातापाया पडले. “पास झाली असती तं पाठवलं असतं, ताई,” एवढं बोलून तो राईस मिलच्या ड्यूटीवर निघून गेला. माझ्यासमोर एक ट्रक डगमगत येऊन थांबला. पायलनं टायरकडे बघितलं आणि गप्प बसली.

एपिसोड तुफान चालला. लाखनीची पोरं ठेल्यावरून जाताना तिच्याच आवाजात ठोंब्याचं शेवटचं वाक्य ओरडतात, “आई ओ, मी पास झालो!”

मध्यंतरी साहेबांचा फोन आला. “मॅडम, नवा सीझन करतोय. ठोंब्या सहावीत गेला. तीच मुलगी पाहिजे.”

मी म्हटलं, “ठोंब्या गेला असेल, सर. त्याचा आवाज शाळेत जात नाही आता.”

ते म्हणाले, “अरेरे. पण म्हणजे तिला डेट्सचा प्रॉब्लेम नसेल ना?”

मी फोन ठेवून दिला. हल्ली कुठल्याही लेकराचा आवाज ऐकायच्या आधी मी त्याची परीक्षा कधी आहे ते विचारते. विचारून फार काही होत नाही.