कोटाची उजवी बाही

रफूकाकांचं दुकान म्हणजे कोर्टाच्या मागच्या जिन्याखालची जागा. एक माणूस मांडी घालून बसला की दुसऱ्याला उभंच राहावं लागायचं. चौदाव्या वर्षी मामाने त्यांना तिथे बसवलं, हातात सुई दिली आणि एकच गोष्ट सांगितली, "केलेलं दिसलं तर ते रफू नाही, ठिगळ." पुढची बावन्न वर्षं काकांनी तेवढंच लक्षात ठेवलं. वकिलांच्या कोटांना सिगारेटीने पडलेली भोकं, खुर्चीच्या खिळ्याने ओढलेल्या विजारी, उंदराने कुरतडलेल्या शाली. त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून धागे काढायचे आणि उभ्याआडव्या विणीत एकेक करून असे बसवायचे, की गिऱ्हाइकाने कपडा उजेडात धरून विचारावं, "कुठं होतं हो भोक?" काका मान वर न करता म्हणत, "होतं कुठंतरी." कौतुक म्हणून एवढंच त्यांच्या वाट्याला येई, आणि त्यांना ते पुरत असे.

मग लोक फाटलेले कपडे सरळ टाकून द्यायला लागले. पुढे कोर्टाचा जिनाही पाडला. काका घरी बसले ते काकूंच्या डोक्यावर. पडदे, उशांचे अभ्रे, जे हाताला लागेल ते तपासत फिरायचे.

"अहो, पायपुसणं आहे ते," काकू एके दिवशी म्हणाल्या. "त्याला रफू करताय? त्यापेक्षा त्या संग्रहालयात जा. तिथं म्हणे सगळंच जुनं असतं. तुम्हीही खपून जाल."

संग्रहालय म्हणजे पाणीपुरवठ्याच्या जुन्या कचेरीतल्या दोन खोल्या आणि एक व्हरांडा. पगारी माणूस एकही नाही. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई नोंदवही सांभाळत. एक म्हातारा पोस्टमन दार उघडायचा, धूळ पुसायचा आणि आलेल्या माणसाला गप्पांत अडकवून ठेवायचा. काका मंगळवारी आणि शुक्रवारी जाऊ लागले. कपड्यांना नंबराची फीत टाचायचं काम त्यांच्याकडे आलं. दाराच्या आतल्या बाजूला बाईंनी नियम लिहून लावला होता: आधी नोंद, मग नंबर, मग हात.

कोट आला तेव्हा बाई मोतिबिंदूच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस रजेवर होत्या. लाकूड कापायच्या कारखान्यातल्या एका कामगाराचा तो कोट, त्याच्या मुलीने पाठवलेला. सोबत बंद पाकीट होतं. पोस्टमनने ते न फोडता बाईंच्या खणात ठेवलं. दुसऱ्याचं पत्र फोडायचं नाही, ही त्याची चाळीस वर्षांची सवय. कोट टेबलावर राहिला. जाड तपकिरी कापड, आणि उजवी बाही कोपरापासून पार खांद्याजवळ फाटत गेलेली, कडेला दशा लोंबणाऱ्या.

बाही पाहिली आणि काकांचे हात शिवशिवायला लागले. नियम त्यांना तोंडपाठ होता. पण तो वस्तू खराब करणाऱ्यांसाठी. आपण तर सुधारतोय, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. त्यांनी दशा कात्रीने साफ केल्या, दुमडीतले धागे काढले आणि व्हरांड्यातल्या उजेडात चार बैठका घालून बाही एकसंध केली. काम असं उतरलं की शेवटी त्यांचं त्यांनाच ते बोटाने चाचपून शोधावं लागलं.

बाई परत आल्या, पत्र वाचलं, कोट उचलला. उजवी बाही पाहिली, डावी पाहिली, पुन्हा उजवी पाहिली.

"ही फाटलेली होती ना?"

"होती कुठंतरी," काका म्हणाले. इतके खूश ते बऱ्याच वर्षांत झाले नव्हते.

बाई खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी पत्र मोठ्याने वाचलं. यंत्राच्या पट्ट्यात बाही अडकली होती. कापड फाटलं म्हणून वडिलांचा हात वाचला. त्यानंतर कामगारांनी तीन दिवस काम बंद ठेवलं, तेव्हा कुठे कारखान्यातल्या पट्ट्यांवर जाळ्या बसल्या. वडिलांनी तो कोट जन्मभर तसाच खुंटीला ठेवला. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी मुलांना घेऊन बघायला येते. तो रविवार आता पाच दिवसांवर आला होता.

"म्हणजे बघायचं होतं ते..." पोस्टमन म्हणाला आणि थांबला.

"ते मी बुजवलं," काका म्हणाले.

मग पोस्टमनने आवाज खाली आणला. "ब्लेड मारा एक सर्रकन. कोणाला कळतंय?"

"ब्लेडने कापलेलं वेगळं, ओढून फाटलेलं वेगळं. लांबून ओळखू येतं."

"तुम्हाला येतं हो. तिला कुठं येतंय?"

काका कोट घेऊन व्हरांड्यात गेले.

घरी काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "पायपुसण्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं," म्हणाल्या, आणि कपाटातून भिंग काढून दिलं.

बुधवारपासून काका रोज गेले. आपलंच रफू उसवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. आपला धागा कुठला आणि मुळातला कुठला, हे भिंगातूनही चटकन कळेना. शनिवारी दुपारपर्यंत जेमतेम चार बोटं उसवून झालं. तिथली कडही पूर्वीसारखी ओबडधोबड राहिली नव्हती. दशा केराच्या टोपलीतून केव्हाच गेल्या होत्या.

"उद्या मी बोलते तिच्याशी," बाई म्हणाल्या. "तुम्ही नाही आलात तरी चालेल."

काका आले. मुलगी पन्नाशीची होती, बरोबर दोन मोठी मुलं. काका टेबलाजवळ उभे राहिले.

"ताई, ही बाही मी रफू केली. मला कोणी सांगितलं नव्हतं. आता उसवतोय. पण कडेच्या दशा मी कापल्या, त्या काही परत यायच्या नाहीत."

तिने बाहीवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"आईने एकदा सुई घेतली होती," ती म्हणाली. "बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत."

तिने बाही काकांकडे सरकवली.

"कुठवर फाटली होती, आठवतं तुम्हाला?"

काकांनी खांद्याच्या शिवणीखाली बोट ठेवलं. "इथवर. आणि शेवटी अशी मागे वळली होती."

"वळली होती," ती म्हणाली. मग मुलांकडे वळून तिने तीच रेघ स्वतःच्या दंडावर काढून दाखवली. "सगळी उसवा."

"तीन महिने लागतील."

"लागू देत. आम्ही पुन्हा येऊ." ती चहा न घेताच गेली.

तीन महिन्यांच्या वर आणखी आठवडा लागला. काम संपलं त्या दिवशी बाईंनी नोंदवही उघडली, लिहिलं आणि वाचून दाखवलं, "उजवी बाही यंत्राच्या पट्ट्यात अडकून फाटलेली. संग्रहालयात चुकून रफू झाली, नंतर उसवली."

"चुकून कसली?" काका म्हणाले. "चार बैठका घालून केली मी. 'न विचारता' लिहा. कोणी केली तेही लिहा, आणि दशा कापल्या तेही."

"काका, ही वही आपल्यामागेही लोक वाचणार आहेत."

"वाचू देत."

बाईंनी ओळ खोडली आणि काका सांगतील तशी पुन्हा लिहायला घेतली.