सहलीचं पाणी

आमच्या गल्लीची सहल म्हणजे आईची सहल. वडील आणि काका रुबाबात ट्रकच्या केबिनमध्ये बसायचे, पण कुठे जायचं, कधी जायचं, कोणी काय आणायचं हे सगळं आई ठरवायची. गल्ली विणकरांची. वर्षभर घरोघरी मागाची खटखट, आणि संक्रांत उलटली की एक दिवस सगळे माग बंद. एरवी नागपूरच्या गांधीबागेतल्या बाजारात कापडाच्या गाठी वाहणारा ट्रक त्या दिवशी आमचा असायचा. त्यात सतरंज्या अंथरून आम्ही कळमेश्वरच्या पुढे एका खेड्यात जायचो. तिथे आमराई होती, बारीकसा नाला होता. एवढ्यावर आम्ही खूश होतो.

आईचे सहलीचे कायदे मात्र कडक. कणकेचे रोडगे भाजायच्या गोवऱ्या नागपुरातून न्यायच्या नाहीत, वांगी न्यायची नाहीत, पत्रावळी तर नाहीच नाही. हे सगळं आमराईला लागून राहणाऱ्या एका बाईकडून घ्यायचं. ती एकटी होती. पावसाळा संपला की आमच्यासाठी गोवऱ्या थापायला घ्यायची, पळसाची पानं टाचून पत्रावळी लावून ठेवायची.

काका दरवर्षी म्हणायचे, "बाजारात सस्त्या भेटतात न पत्रावळी."

"मंग बाजारातच बसून जेवा," आई म्हणायची.

निघताना आमराईत संत्र्याची साल पडलेलीसुद्धा तिला खपायची नाही. बाकीची मोठी माणसं पेंगत असायची आणि आम्ही पोरं कुरकुरत कचरा वेचत फिरायचो. आता जंगलाकाठच्या रिसॉर्टांत निसर्ग वाचवा म्हणून पाट्या असतात आणि पाटीमागे पोहण्याचा तलाव असतो. शेजारच्या गावात बायका हंडा घेऊन पायपीट करतात. अशी पाटी दिसली की मला आई आठवते. रागही येतो, खोटं कशाला बोलू.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एका वर्षी पावसानं दगा दिला. त्या खेड्यातली विहीर तळाला गेली, असं ट्रकवाल्यानंच येऊन सांगितलं. गल्लीत वाद पेटला. एवढ्या माणसांनी जाऊन त्यांचं उरलंसुरलं पाणी संपवायचं का, असं बऱ्याच जणांचं म्हणणं. त्यात चूक काहीच नव्हतं.

आई म्हणाली, "अन् नाही गेलो तर तिच्या पत्रावळी कोण घेईन? तिनं गोवऱ्या थापून ठेवल्या असतीन. तिले काय सांगू, यंदा खडी फोडाले जाय म्हणून?"

तोडही तिनंच काढली. सहल जाईल, पण पाणी आपलं. पिंपं, हंडे, कळश्या, जे असेल ते नळावर भरून ट्रकात चढवायचं आणि तिथल्या विहिरीला कोणी हात लावायचा नाही. असा विचार करणारी बाई आपली आई आहे, याचा मला त्या दिवशी केवढा ताठा आला होता! ट्रकात पाणी हिंदकळून आमचे नवे कपडे भिजले, तरी मी हूं की चूं केलं नाही.

ती बाई दरवर्षी आमराईच्या तोंडाशी कळशी आणि गडवा, म्हणजे तांब्या, घेऊन उभी असायची. पाहुणा आला की आधी पाणी. आई पहिली प्यायची. गल्लीतल्या काही बायकांना मात्र नेमकी तेव्हा तहान नसायची आणि थोड्या वेळानं त्या स्वतः विहिरीवर जाऊन पाणी शेंदून प्यायच्या. तिची जात आमच्यात कधी कोणी विचारली नाही, कारण ती सगळ्यांना माहीत होती. आईला हे दिसायचं, पण सहलीच्या दिवशी भांडण नको म्हणून ती गप्प राहायची.

त्या वर्षीही ती उभी होती. एवढी एक कळशी भरायला तिनं पहाटेपासून विहिरीवर नंबर लावला होता. ट्रकमधून सगळ्यांत आधी शेजारच्या काकू उतरल्या. "नोको वं, आमी आमचं पाणी आणलं." मग दुसरी तेच म्हणाली, मग तिसरी. आईचा कायदा गल्लीनं इतक्या उत्साहानं कधीच पाळला नव्हता. आई अजून मागे पिंपं उतरवून घेत होती.

बाईनं गडवा खाली ठेवला. बाजूला रचलेला पत्रावळींचा गठ्ठा उचलला.

"पत्रावळी बी घरूनच आनल्या असतीन मंग," ती म्हणाली. "माह्या हातचं चालत नसन तर पुढल्या साली येऊ नोका." आणि गठ्ठा घेऊन झोपडीकडे चालू लागली.

आईनं ऐकलं. तिचा चेहरा मी कधी तसा उतरलेला पाहिला नव्हता. पिंप तसंच सोडून ती मागोमाग गेली आणि झोपडीच्या दाराशी सरळ मातीत बसली.

"मले तहान लागली. पाणी दे वं."

"तुमचं हाये न पिंपात."

"ते स्वैपाकाले अन् भांड्यायले. प्यायले तुह्याच हातचं."

बाईनं पत्रावळींचा गठ्ठा दाराशी ठेवला. मग आमराईच्या तोंडाशी राहिलेली कळशी आणि गडवा घेऊन आली. आईनं ओंजळ पुढे केली नाही. तिच्या हातातून गडवा घेतला, एक घोट प्यायली आणि वडिलांकडे पाहिलं. सांगितल्याशिवाय आयुष्यात काही न केलेले माझे वडील न सांगता पुढे आले. मग काका, मग आम्ही पोरं. एकेकानं एकच घोट घ्यायचा, आईनं तसं डोळ्यांनीच बजावलं होतं.

काकू म्हणाल्या, "मले सर्दी झाली."

"मंग रोडगे खायले काहून आली?" आई म्हणाली. काकू प्यायल्या. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा, पण प्यायल्या.

त्या दिवशीचे रोडगे आम्ही तिच्याच पत्रावळींवर खाल्ले. निघायच्या वेळी पिंपांत उरलेलं पाणी आईनं तिच्या दाराशी आणवलं आणि विचारलं, "तुह्या रांजणात ओतू का?" विचारलं, हे मी आजही विसरलेले नाही.

बाईनं आमच्या पिंपात गडवा बुडवला आणि सगळ्यांसमोर उभ्यानं एक घोट घेतला. मग रांजणावरचं झाकण स्वतःच्या हातानं काढलं.

"पुढल्या साली येजा," ती आईला म्हणाली. "पान्याचं काही बी असो."